एकीपुरती वीज

२ फेब्रुवारी, रविवार

बॅटरीवाला हसला मला! म्हणे, "बाई, बॅटरी कुठली ते नंतर बघू. आधी तुम्हाला वीज किती लागते ते सांगा. मापाशिवाय कपडा शिवता येतो का?" — हे मला! गणवेशांच्या कारखान्यात अख्खं आयुष्य कातर चालवलेल्या बाईला! त्या बिचाऱ्याला काय माहीत. जिभेवर आलेलं उत्तर गिळलं आणि मुकाट घरी आले. म्हणणं बरोबरच होतं त्याचं.

तर आज माप काढलं, गाडीमागे जोडायच्या आमच्या चाकांवरच्या घराचं, ट्रेलरचं. शिवणाच्या टेबलावर खडूनेच मांडलं. वॅट म्हणजे कापडाचा पन्हा, तास म्हणजे लांबी. गुणाकार केला की लागणारं कापड. एवढं सोपं आहे, आणि व्हिडिओतल्या त्या दाढीवाल्याने त्यावर अर्धा तास घेतला!

फ्रिज दिवसाला साडेतीनशेच्या वर खातो. पंखा सव्वाशे. दिवे चाळीस. फोन आणि पाण्याचा पंप म्हणजे चिंध्या, धरा वीस. आणि श्वासाचं यंत्र — सत्तर वॅट, आठ तास झोप — पाचशे साठ! एकटं यंत्र निम्मं ठाण गिळतं. सगळं मिळून अकराशे वॅट-तास. रोजचे.

बाकी सगळ्यात कात्री लावता येईल. यंत्रात नाही. झोपेत माझा श्वास अडकतो. मला कधी कळलंच नसतं. धाकटीने, माझ्या बहिणीने, शोधून काढलं. एका खोलीत झोपायचो दोघी. श्वास थांबला की ती कुशीत बोट ढोसायची, मी कूस बदलायची आणि सकाळी तिच्यावरच खेकसायची की झोपू देत नाहीस म्हणून. लग्न करून गेली तेव्हा जाण्याआधी मला तपासणीला नेलं, यंत्र आणून उशाशी ठेवलं. रजेवर जाताना बदली कामगार देतात तसं.

चोपन्नाव्या वर्षी लग्न! बरं. केलं तिने. चष्म्याच्या दुकानवाल्याशी. मी सहीसुद्धा केली साक्षीदार म्हणून.

ट्रेलर मात्र दोघींचा होता. दोघींनी मिळून जुना घेतला, पडदे मी शिवले, आतला रंग तिने दिला. निवृत्तीनंतर तळ्याकाठी जाऊन राहायचं ठरलं होतं, जिथे विजेची तारसुद्धा पोचत नाही. आता माझ्या दारात उभा आहे. मी एकटी जाणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीचा फोन. नेहमीसारखा रिक्षात बसल्या बसल्या केलेला. तिला घरी बसून माझ्याशी बोलायला सवड नसते.

"ताई, एकटी नको जाऊस. वीज गेली तर? यंत्र बंद पडलं तर कोण आहे तिथे?"

मी म्हटलं, इथे तरी कोण आहे?

तिचं मग तेच जुनं — "आमची मागची खोली रिकामी आहे. कितीदा सांगितलं." रिकामी आहे म्हणून मी जाऊन भरायची! सकाळी त्यांचं आवरून होईपर्यंत खोलीबाहेर यायचं नाही, टीव्हीचा आवाज कमी ठेवायचा, चष्मेवाले समोर आले की पदर सावरायचा. नको बाई.

आवाज चढले. शेवटी ती म्हणाली, "बरं, पैज लाव. तीन रात्री तिथे यंत्रावर नीट झोपून दाखव. दाखवलंस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर ट्रेलर विकायचा आणि इकडे यायचं."

मी म्हटलं, कबूल.

कबूल म्हटलं ते रागाने की भीतीने, माझं मलाच कळेना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बॅटरी घेतली. सोलर पॅनेलही घेतलं. दुकानातून गाडीपर्यंत स्वतः उचलून आणली. आता कंबर बोलते आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

नापास.

शुक्रवारपासून घर सोडून दारातल्या ट्रेलरमध्ये झोपत होते. रंगीत तालीम. पहिली रात्र मजेत गेली. फ्रिजमधलं थंड पाणी काय, पंखा काय! आज पहाटे गुदमरून जागी झाले. तोंडावर मास्क, आणि त्यात हवाच नाही. मास्क ओढून काढला तेव्हा कानही ओरबाडला. दार उघडून पायरीवर बसले आणि नुसती हवा खात राहिले.

बॅटरी ठणठणीत रिकामी.

खडूचा हिशोब पुन्हा बघितला. लागतात अकराशे, बॅटरीत हजारच्या आसपास वापरण्याजोगे. म्हणजे दिवसा सूर्याने ती भरून द्यायला हवी. मी समजत होते, दोनशे वॅटचं पॅनेल आणि दहा तास ऊन म्हणजे दोन हजार! तसं नसतं. खरं कडक ऊन चारच तासांचं धरायचं, त्यातलंही पाव गळतीत जातं. उरले सहाशे. आणि माझ्या दारात तर दुपारनंतर समोरच्या इमारतीची सावली!

कापड सहाशेचं, आणि मी अकराशेचा कपडा बेतला. कारखान्यात एखाद्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला दिवसभर ऐकवलं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

डोकं अजून दुखतं आहे. धाकटीचा फोन आला होता. "छान झोपले" म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बॅटरीवाल्याकडे गेले. या खेपेला हसला नाही. गुदमरल्याचं सांगितलं तशी त्याने स्टूल पुढे केलं, स्वतः उभा राहिला.

त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक — यंत्रात पाणी गरम करणारा हीटर असतो, तोच खरा खादाड. तो बंद करा. घसा थोडा कोरडा पडेल, तेवढं सोसा. दोन — यंत्र इन्व्हर्टरवर लावू नका. बॅटरीची वीज घरच्यासारखी करून द्यायला इन्व्हर्टर स्वतःची दलाली घेतो. नुसता चालू राहिला तरी रात्रभर बसून खातो. यंत्राला सरळ बॅटरीवर चालणारी वायर मिळते, ती लावा.

पाचशे साठचं यंत्र दोनशे चाळीसवर आलं! मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. फ्रिजला मीच रजा दिली, बर्फाची पेटी नेईन. आता सगळं मिळून चारशेपंचवीस. ऊन देणार सहाशे. शिवणीच्या आत थोडं कापड राखून ठेवतो, पुढेमागे उसवून सैल करायला, तेवढं सुटलं.

बॅटरीवाल्याने विचारलं, "माणसं किती?"

"एक."

"मग आरामात."

आरामात. घरी येईपर्यंत तो शब्द दातात अडकल्यासारखा टोचत होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

कुठेतरी गळतंय! पुन्हा दोन रात्री दारात झोपले, पॅनेल लांब वायरीने उन्हात नेलं, हीटर बंद, फ्रिज बंद. यंत्र नीट चाललं. पण रोज सकाळी बॅटरीवरचा मीटर माझ्या हिशोबापेक्षा दोनशेच्या वर कमी दाखवतो. दोनशे म्हणजे जवळजवळ एका यंत्राची रात्र!

आज दिवसभर ट्रेलरच्या आत हातात विजेरी घेऊन उकिडवी बसले होते. एकेक वायर, एकेक बटण तपासलं. पंप बंद. रेडिओ बंद. इन्व्हर्टर बंद. बॅटरीच खोटी निघाली की काय? त्या माणसाने मला फसवलं? उद्या जाऊन त्याला चांगला फैलावर घेते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बरं झालं गेले नाही.

सकाळी फाटकाशी उभी होते. रोज फिरायला जाणारे आजोबा थांबले. म्हणाले, "ट्रेलरमध्ये कुणी पाहुणे आलेत का? दाराबाहेरचा दिवा रात्रभर असतो."

बाहेरचा दिवा!

पायरीवरचा. जुना, पिवळा, वीस वॅटचा. संध्याकाळ झाली की मी लावते. सकाळी मालवते. वीस गुणिले अकरा — दोनशेवीस. गळती सापडली. खडूच्या यादीत सगळं होतं, पंपापासून फोनपर्यंत, पण हा दिवा नव्हता. कारण तो मी वापरत नाही. तो माझ्यासाठी नाहीच.

धाकटी रुग्णालयात परिचारिका. पाळी संपायची वेळ कधी ठरलेली नसायची. बदलीची आली नाही की ही थांबायची. म्हणून घराच्या दाराबाहेरचा दिवा कधी मालवायचा नाही, ती आली की ती मालवेल. इतकी वर्षं तसंच. ती गेल्यावरही घरचा दिवा मी रोज लावते — हे मला आज, फाटकाशी उभं राहून कळलं. आणि ट्रेलरमध्ये झोपायला लागले तर हात आपणहून तिथलं बटण शोधून बसला!

आजोबांना म्हटलं, "नाही, कुणी नाही आलेलं." आत आले. रडले. चांगली हमसून रडले, कुणी ऐकायला नव्हतं म्हणून आवाजसुद्धा आवरला नाही.

मग यादी पुसून नवी लिहिली. दिवा नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल दोन्ही दिवे लावले नाहीत. सकाळी उठल्यावर मालवायलाही काही नव्हतं. बराच वेळ दाराशी नुसती उभी.

२३ फेब्रुवारी, रविवार

तीन रात्रींची तालीम. तिन्ही पास! आज दुपारी बॅटरी काठोकाठ भरली. मीटरवर शंभर टक्के!

कुणाला सांगू? बॅटरीवाल्याला फोन केला. म्हणाला, "अभिनंदन बाई. गिऱ्हाईक आहे, मग बोलू." धाकटीला केला नाही. तिला तळ्यावरूनच सांगेन, तीन रात्री झाल्यावर. तेव्हा ऐकेल.

कारखान्यात कापड बसलं की मी मोठ्याने "बसलं गं!" म्हणायची आणि सगळ्या पोरी माना वर करायच्या. आज स्वयंपाकघरात म्हणून बघितलं. भलतंच वाटलं.

१ मार्च, शनिवार

पोचले! ट्रेलर मागे लावून उलटा घेताना नाकी नऊ आले. तळ्यावरचा राखणदार लांबून हातवारे करत होता, डावीकडे की उजवीकडे ते त्याचं त्यालाच माहीत. शेवटी मी ओरडले, "दादा, तुम्ही हात खाली ठेवा, मग जमेल!" जमलं.

तळं मोठं आहे. पलीकडचा काठ धूसर दिसतो. अलीकडे मी, आणि बरंच लांब दोन तंबू. पॅनेल मांडलं, ऊन कललं तसं हलवत राहिले. संध्याकाळी मीटर शंभर.

इथे फोन लागायला टेकाडावर चढावं लागतं. धाकटीला "पोचले" एवढा संदेश टाकून आले.

पडदे छान दिसताहेत. तिला निळे हवे होते, मी हट्टाने पिवळे घेतले.

२ मार्च, रविवार

पहिली रात्र पार. सकाळी मीटर त्र्याहत्तर — मी पंचाहत्तर धरलं होतं. असा बेत!

पण सूर्य कुठे आहे? सकाळपासून आभाळ मळक्या फडक्यासारखं. पॅनेल दोनशेचं, देतंय पाच-सहा. दिवसभर मी मीटरकडे बघतेय, जणू बघितल्याने वाढणार आहे. पंखा बंद. आतला दिवा बंद. पुस्तक खिडकीशी बसून वाचलं.

दिवसभरात बोललेली वाक्यं: राखणदाराला "नमस्कार". एका बगळ्याला "काय मिळालं का?"

इथे यायचं ते वीज पुरते का बघायला, असं मी स्वतःला सांगत होते. वीज पुरेल. दिवस पुरत नाही म्हणावं की उरतो म्हणावं, कळत नाही. धाकटीबरोबर असते तर आतापर्यंत तीनदा भांडण झालं असतं. एकदा पडद्यांवरून नक्कीच.

३ मार्च, सोमवार

दुसरी रात्र पार. सकाळी एक्कावन्न. आज पुन्हा ढग. दिवसाचं सगळं ऊन गोळा करून संध्याकाळी पंचावन्न. यंत्राला रात्रीचे चोवीस टक्के पुरतात. म्हणजे तिसरीही खिशात. जिंकले!

असं लिहून मिटणार होते, तेवढ्यात गाडीचा आवाज. धाकटी! मागे चष्मेवाले, हातात तिची बॅग. मला आधी आनंद झाला — इतका की पायात चप्पल न घालताच धावले — आणि लगेच कळलं की ही आनंदाला आलेली नाही, परीक्षा घ्यायला आली आहे. शेवटच्या रात्रीला, नेमकी!

"आज मी इथेच झोपणार," म्हणाली. "बघते तुझं यंत्र."

"बघ की," मी म्हटलं. "वीज काय, भरपूर आहे!"

आणि मग मला काय झालं देव जाणे. गॅस असताना विजेच्या किटलीत चहा केला. तोही दोनदा. सगळे दिवे लावले. पंखा लावला. ती तळ्यावर तोंड धुवायला गेली आणि केस भिजवून आली, तर मी आपणहून म्हटलं, "वाळवायचं यंत्र आणलंयस ना? लाव, लाव!" ते हजार वॅटचं धूड घोंगावत होतं आणि मी हसतमुखाने बघत होते. सरसर टक्के उतरत होते. तिला वाटू नये की बहीण वीज मोजून जगते.

ती केस वाळवत होती तेव्हा चष्मेवाले बाहेर उभे होते. शहरातल्या लॉजवर जाणार होते झोपायला. मला म्हणाले, "ताई, एक सांगू? रागावू नका." मी म्हटलं, सांगा.

"ही रात्री उठते. माझ्या नाकाखाली हात धरून बसते. मी जागा झालो की म्हणते, 'तुमचा नाही हो, ताईचा बघायचा होता.' वर्ष होत आलं. मला आता सवय झाली. पण तिला झोप नाही."

मी "चहा घेणार का?" विचारलं. तिसऱ्यांदा.

ते गेले. मीटर सव्वीस. यंत्राला चोवीस. बेत अंगाला घट्ट बसेल, पण बसेल. तिचा फोन इन्व्हर्टरवर लावलाय चार्जिंगला. काढ म्हणायला जीभ रेटली नाही. "एवढ्याशानेही संपते का गं?" म्हणाली असती.

ती पलीकडच्या बाकावर आडवी झाली आहे. पडद्यांना नावं ठेवून झाली. मी मास्क लावते आता.

४ मार्च, मंगळवार

छान झोप झाली. उजाडल्यावर जाग आली. मास्क टेबलावर, नळी नीट गुंडाळलेली. यंत्र गार. मीटरचा पडदा काळा, आकडासुद्धा नाही.

धाकटी माझ्या उशाशी बसलेली. शाल पांघरून, डोळे लालभडक. तिच्या बाकावरची चादर जशी घातली होती तशीच.

"चाललं का गं?" मी विचारलं.

"चाललं की. रात्रभर," ती म्हणाली. "पहाटे तूच काढलास मास्क. जिंकलीस बाई तू. आता मी विषय काढणार नाही."

मीही काढला नाही.